शिकारीचा खर्च कोण भरतो?

'सफारी' हा शब्द आता आपल्या खेड्यांतही परका राहिलेला नाही. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ प्रवास एवढाच आहे. आणि ज्या अरबी शब्दापासून तो तेथे गेला, त्याच शब्दापासून आपल्या मराठीत 'सफर' हा शब्द आला आहे. शब्दाच्या नात्याने पाहिले तर शिरूरहून एस्टीने दौंडास जाणारा मनुष्यही सफारीच करतो. परंतु जगाच्या व्यवहारात ह्या साध्या शब्दास एक निराळा अर्थ चिकटला आहे, तो असा की, दूर देशी जाऊन, पुष्कळ द्रव्य वेचून, केवळ हौसेखातर वन्य पशू मारणे. ही हौस योग्य की अयोग्य, आणि ती करणाऱ्याच्या पदरात शेवटी काय पडते, ह्याचा विचार आज करण्याचे योजिले आहे. हा प्रश्न धनिकांचा आहे, आपणास त्याचे काय, असे एखादा वाचक म्हणेल; त्याने लेख संपेपर्यंत धीर धरावा अशी विनंती आहे.

गेल्या वैशाखात दौंड येथे एका लग्नास गेलो असता शिरूर तालुक्यातील एक परिचित गृहस्थ भेटले. त्यांची काही जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, मोबदला आला, मोबदल्याबरोबर नवे मित्र आले, आणि त्या मित्रांच्या संगतीने ते दक्षिण आफ्रिकेत शिकारीस जाऊन आले होते. पंगत बसण्यास अवकाश होता. मी सहज विचारले, "काय पाटील, परदेश कसा वाटला?" तेव्हा त्यांच्या तोंडून तक्रारींची जी मालिका सुरू झाली, ती ताट समोर येईपर्यंत थांबली नाही.

पहिली तक्रार पैशाची. राहण्याखाण्याचे व वाटाड्याचे दर दिवसास वेगळे, आणि प्रत्येक जनावराचे मोल वेगळे. खानावळीत पदार्थांचे दरपत्रक टांगलेले असते, तसे तेथे जनावरांचे छापील दरपत्रक हाती देतात : रानडुकरास इतके, झेब्र्यास इतके, पिळदार शिंगांच्या कुडू नावाच्या मोठ्या हरिणास इतके. दुसरी तक्रार बंदुकीची. आपली बंदूक दुसऱ्या देशात न्यावयाची तर दोन्ही देशांचे इतके परवाने लागतात की, ह्यांनी तेथलीच भाड्याने घेतली. तिसरी तक्रार अशी की, तेथील कायद्याप्रमाणे परदेशी पाहुण्याबरोबर परवानाधारक शिकारी असलाच पाहिजे. कोठे उभे राहावयाचे, कोणते जनावर धरावयाचे, गोळी केव्हा सोडावयाची, हे सर्व तोच सांगतो. "पाळकसाहेब, सगळे त्याने केले. मी फक्त चाप ओढला," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात खिन्नता होती.

पुढे पहाटेची थंडी, उघड्या गाडीतील धूळ, गवतातील गोचीड व तिच्या दंशाने येणारा ताप ही वर्णने झाली. मग शिंगांची व कातड्याची कथा. ती सुकवावी लागतात, त्यांवर औषधांची प्रक्रिया करावी लागते, पेंढा भरून घ्यावयाचा तर कित्येक महिने वाट पाहावी लागते. वन्य पशूंच्या व्यापारासंबंधी 1973 साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याचे दाखले वेगळे, आणि आपल्या देशात असला माल आणणे म्हणजे तर मोठेच संकट. अखेरीस शिंगे तेथेच राहिली व पाटील छायाचित्रे घेऊन परत आले.

शेवटची तक्रार त्यांनी सर्वांत मोठ्याने सांगितली. एका कुडूस गोळी लागली, पण ती पोटाकडे लागली. जनावर झाडीत पळाले. रक्ताचा माग थोडा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला, आणि सूर्य मावळला. तेथील रिवाज असा की, रक्त सांडले म्हणजे जनावर मारले असेच धरावयाचे; ते सापडो वा न सापडो, पूर्ण किंमत भरावयाची. "न मिळालेल्या मालाचे पैसे घेतले त्यांनी!" असे ते म्हणाले.

मी विचारले, "मग त्या जनावराचे पुढे काय झाले?"

पाटील माझ्याकडे पाहत राहिले. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता असे दिसले. "कोणास ठाऊक," ते म्हणाले. "रात्र झाली होती ना."

वाचकहो, त्या यादीत पैसा होता, धूळ होती, ताप होता, परवाने होते. रात्रभर झाडीत पोट फाटून पडलेल्या त्या मुक्या जिवाची वेदना मात्र तिच्यात कोठे नव्हती. तिची नोंद झाली ती केवळ अन्यायाने भरावी लागलेली रक्कम म्हणून. पाटील दुष्ट नाहीत. त्यांच्या गोठ्यातील बैल आजारी पडला तर ते रात्र रात्र जागतात, हे मला ठाऊक आहे. मग असा मनुष्य इतकी मोठी गोष्ट यादीत लिहावयास कसा विसरला? हाच मला ह्या विषयातील खरा प्रश्न वाटतो.

हा विसर जुना आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे 1909 साली आपल्या मुलासह पूर्व आफ्रिकेत शिकारीस गेले. त्या स्वारीचा हेतू अमेरिकेतील संग्रहालयास नमुने पुरविणे हा होता. पितापुत्रांनी मिळून 512 जनावरे मारली. जनावरांचा हा आकडा पुस्तकांत एकेक जातीसह नोंदलेला आहे. परंतु त्या स्वारीचे तंबू, मीठ व पेट्या डोक्यावर वाहून नेणाऱ्या शेकडो हमालांपैकी कितीकांची नावे जगास ठाऊक आहेत? 2015 सालच्या जुलै महिन्यात झिंबाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकन दंतवैद्याने मारला. प्रथम बाण लागल्यावर तो सिंह कित्येक तास जखमी अवस्थेत जिवंत होता. जगभर संताप झाला तो मुख्यतः त्या सिंहास नाव होते म्हणून. ज्यांना नाव नाही असे किती जीव त्याच प्रकारे मेले असतील!

ह्या कथा दूरच्या वाटतात खऱ्या. परंतु शिकाऱ्यांचा 'परदेश' एके काळी आपणच होतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूर ही इंग्रजी लष्कराची छावणी होती. भीमा व घोड ह्या नद्यांच्या आसपासचे माळ तेव्हा काळविटांनी व चिंकाऱ्यांनी भरलेले होते, आणि दूर देशाहून आलेल्या अधिकाऱ्यांची दख्खनच्या माळांवरील करमणूक म्हणजे शिकार. आपले राजेही मागे नव्हते. कोल्हापूर दरबाराने काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले, आणि देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणविले. शेवटी 1952 साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. सत्तर वर्षांनी, 17 सप्टेंबर 2022 रोजी, नामिबियातून 8 चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडावे लागले. हौसेचे देणे नातवंडांनी फेडावे लागते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे?

स्वातंत्र्यानंतरही परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातील जंगलांत वाघ मारावयास नेणारे व्यवसाय चालत होते. 1970 साली वाघाची शिकार बंद झाली, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचे दार मिटले. त्या जुन्या शिकारींत जनावर उठविण्यासाठी हाका घालावा लागे. मचाणावर साहेब किंवा सरदार, आणि खाली झाडीत डबे व ढोल वाजवीत चालणारे खेड्यातले लोक. चवताळलेले जनावर उलट फिरले तर ते प्रथम कोणावर झेप घेई, हे सांगावयास नको. हाकेवाल्यांत वेठीने धरून आणलेले पुष्कळ असत, आणि वेठ कोणत्या आळीतून धरली जाई हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजही आठवणीत आहे. मचाणावरच्या मनुष्याने मच्छरांची तक्रार केली असेल. झाडीतल्या मनुष्याची तक्रार लिहून घेण्यास तेथे कोणी नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सर्व प्रकारची शिकार एकाच मापाने मोजता येत नाही. आपल्या शिरूर-दौंडाच्या माळांवर फासेपारधी बंधूंनी पिढ्यान्पिढ्या फास लावून तित्तर, ससे व हरिणे धरली ती पोटासाठी. त्यांच्यातील काही जण शिकविलेल्या गाईच्या आडून पाखरांजवळ जात. त्यांनी कधी तोंडात हसू आणून मेलेल्या जनावरावर पाय ठेवला नाही. परंतु काळाचा न्याय पाहा! 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची रीत सुरू झाली, आणि पुढे तो शिक्का पारध्यांवरही बसला. तो कायदा उठला 1952 साली. भुकेने मारणारा गुन्हेगार ठरला, आणि करमणुकीने मारणाऱ्याची चित्रे बंगल्यांत टांगली गेली. कायदा कागदावरून गेला तरी लोकांच्या मनातून गेला आहे काय, हे आपण आपल्या गावातील पारध्यांच्या पालांकडे पाहून ठरवावे.

दुसरा प्रकार रक्षणाचा. 2025 च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत थोड्याच आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लेकरे होती. लोक रस्त्यावर उतरले, आणि नोव्हेंबरच्या आरंभी वनखात्याच्या नेमबाजांनी तेथे एक बिबट्या ठार केला. ज्या आईने आपले मूल उसाच्या कडेला गमावले तिच्यापुढे उभे राहून प्राणिदयेवर व्याख्यान देण्याचे धाडस मजजवळ नाही, आणि तसे करणे दयेचेही होणार नाही. मनुष्याच्या जिवास धोका झालेले जनावर मारण्याची परवानगी कायदाही देतो. परंतु त्या रात्रीनंतर गोळी घालणाऱ्याने मेजवानी केली असेल असे मला वाटत नाही. ते काम करावे लागले म्हणून झाले. कालव्यांच्या पाण्याने आपल्याकडे ऊस आला, उसात बिबट्या राहू लागला, तेथेच त्याची पिले जन्मली; ह्यात त्या जनावराने कोणता कट केला होता?

ह्या दोन प्रकारांत मारणाऱ्याच्या मनात गरज उभी असते, आणि गरज मनुष्यास गंभीर करते. तिसऱ्या प्रकारात गरज नाही. तेथे मरण हीच विकत घेण्याची वस्तू होते, आणि एकदा ती वस्तू झाली की, तिच्याविषयीच्या साऱ्या तक्रारी ग्राहकाच्या तक्रारी होतात : महाग पडली, वेळेवर मिळाली नाही, माल हाती आला नाही. पाटील कुडूची वेदना का विसरले ह्याचे उत्तर मला येथे सापडते. विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांना किंमत दिसते, जीव दिसत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. नामिबिया देशात 1996 च्या कायद्याने गावकऱ्यांच्या संस्थांना आपल्या भूमीवरील वन्य पशूंवर काही हक्क मिळाले. परदेशी शिकाऱ्यांनी भरलेले पैसे व मारलेल्या जनावरांचे मांस त्या गावांस मिळते, आणि त्यामुळे लोक वन्य पशू राखतात, असे पुष्कळ जाणते लोक सांगतात. उलट केनियाने 1977 साली शिकार बंद केली. कोणत्या देशास कोणता मार्ग हितकर, हे तेथे राहणाऱ्या गरीब लोकांनी ठरवावे. दुरून निर्णय देण्याचा अधिकार आपणास नाही. परंतु ते उत्तर रानाच्या हिशेबाचे आहे. शिकाऱ्याच्या अंतःकरणाचा हिशेब त्याने पुरा होत नाही. गावास शाळा व्हावी अशीच इच्छा असेल, तर गोळी न झाडताही पैसे देता येतात. आणि दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यांत वाढविलेले सिंह कुंपणाच्या आत सोडून पाहुण्यांकडून मारविण्याचा जो धंदा वर्षानुवर्षे चालला, त्याला तर रानाच्या हिताचेही पांघरूण घालता येत नाही.

आपल्या देशात दशरथ राजाची कथा लहान मुलांसही पाठ आहे. अंधारात पाणी भरण्याचा आवाज आला, राजाने जनावर समजून बाण सोडला, आणि श्रावण पडला. राजाचा हेतू वाईट नव्हता. त्याचा दोष इतकाच की, समोर कोण आहे हे न पाहता मारण्याची त्याला सवय झाली होती. पवित्र शास्त्रातील एसावाची गोष्ट आपण सर्व जाणतो. तो निपुण शिकारी होता. रानातून थकून आला आणि एका वेळच्या डाळीच्या कालवणासाठी त्याने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क देऊन टाकला. पुढे बापासाठी शिकार करण्यास गेला असता त्याच्यामागे घरातला आशीर्वादही गेला. शिकार करणे हे त्याचे पाप होते असे शास्त्र म्हणत नाही. परंतु भूक लागली त्या क्षणास जन्माचे मोल देणारा मनुष्य कसा असतो, हे त्या कथेत दिसते. पाटलांची हकीकत ऐकताना मला वारंवार एसाव आठवत होता. वाडवडिलांची जमीन गेली, तिचा पैसा झाला, आणि त्या पैशातील एक वाटा परक्या देशाच्या झाडीत रक्ताच्या मागाबरोबर नाहीसा झाला.

आता मी स्वतःविषयी सांगतो, म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविल्याचा दोष मजवर येणार नाही. मी बारा-तेरा वर्षांचा असताना गावातील मोठ्या मुलांबरोबर कुत्री घेऊन माळावर सशांच्या मागे जात असे. आमच्या घरी त्या दिवशी अन्न नव्हते असे नाही. आम्हांस धावण्याची व ओरडण्याची मजा हवी होती. एकदा कुत्र्याने धरलेली सशाची मादी मी सोडवून हाती घेतली. ती जिवंत होती. तिचे हृदय माझ्या तळव्यात इतक्या वेगाने उडत होते की, मी घाबरून तिला खाली टाकले, आणि कुत्र्यांनी पुढचे काम केले. मुले हसली. मीही हसलो. ते हसणे माझ्या कानांतून आज तीस वर्षांनीही गेलेले नाही. मला ती शिकार फुकट मिळाली होती असे तेव्हा वाटले. तिचे देणे मी अजून भरीत आहे.

म्हणून प्रारंभी धीर धरण्यास सांगितलेल्या वाचकास आता म्हणतो की, हा प्रश्न आपल्या दारचा आहे. आफ्रिकेस जाणे आपल्या मंडळीतील कोणास परवडणार नाही. परंतु रात्री मोटारसायकलच्या दिव्यात ससा आंधळा करून त्यास काठीने मारणे, गलोलीने पाखरे पाडणे, आणि मेलेल्या जिवाबरोबर छायाचित्र काढून मित्रांस पाठविणे, हे आपल्या तरुणांस परवडते. ते कायद्याने गुन्हा आहे हे त्यांस सांगावेच. परंतु उपदेशकांनी एवढ्यावर थांबू नये. शिक्षेच्या भयाने हात थांबतो. मन थांबत नाही. मुलास एकदा जिवंत सशाचे हृदय कसे उडते हे कळू द्यावे.

आणि पाहण्याची हौस असेल तर तीही जवळच भागते. दौंडाच्या दक्षिणेस, बारामती तालुक्यातील सुपे येथे, 1997 साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. ते लहानसे, पाच चौरस किलोमीटरांच्या आसपासचे आहे, पण तेथे चिंकारा आजही मोकळा फिरतो. उजनीच्या पाण्यावर भिगवणकडे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. 2024 साली वनखात्याने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी व बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथील गवताळ माळांवर पाहुण्यांना लांडगे व चिंकारे दाखविण्याची सफारी सुरू केली, आणि वाटाडे म्हणून गावच्या तरुणांस काम दिले. ज्या माळावर पूर्वी हाकेवाला वेठीने चालत होता, त्याच माळावर त्याच्यासारखाच खेड्यातला मुलगा आज मजुरी घेऊन, पाखराचे नाव सांगत, पाहुण्याच्या पुढे चालतो. सफर ह्या शब्दास त्याचा मूळचा अर्थ परत मिळाला असे मला वाटते.

पंगत उठल्यावर पाटील माझ्याबरोबर स्टेशनापर्यंत चालत आले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. गाडी येण्याच्या सुमारास म्हणाले, "पाळकसाहेब, त्या रात्री मला झोप आली नव्हती. मला वाटले, थंडीमुळे असेल." मी त्यांस काही उत्तर दिले नाही. ज्या मनुष्यास आपल्या यादीतील राहिलेली नोंद स्वतःच सापडली, त्यास आणखी काय सांगावयाचे?

आपणही आपल्या याद्या एकदा तपासून पाहाव्यात. आपल्या सुखासाठी जे काही आपण करतो, त्यात आपणास झालेला त्रास आपण चटकन लिहितो. आपल्या सुखापायी ज्या कोणास सोसावे लागले, मग तो हाकेवाला असो, पारधी असो वा रानातला मुका जीव असो, त्याची ओळ पुष्कळदा कोरी राहते. ती ओळ भरल्याशिवाय हिशेब पुरा झाला असे समजू नये.